न दिसणारी कड

मोकळ्याने माझी रेघ पुसली. मला न विचारता, माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून, स्वतःच्या खिशातल्या मळक्या खोडरबराने. किटलीच्या पोटाआड जाणारी मूठ, तोटीच्या आतली पोकळी आणि टेबलाची किटलीमागे लपलेली कड, एवढं सगळं त्याने चार फटकाऱ्यांत साफ केलं आणि वर कागदावर फुंकर मारली. "आजी, डोळ्यांना दिसतं तेवढंच काढायचं. बाकीचं मोकळं सोडायचं," असं म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. त्याचं खरं नाव मला माहीत आहे, पण हात मोकळा सोडा, रेघ मोकळी सोडा, मन मोकळं सोडा, याखेरीज तो दुसरं काही शिकवत नाही, म्हणून मी त्याला मोकळा म्हणते. दाढी आहे, अंगात चुरगळलेला सदरा असतो, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलताना तो वाक्याच्या शेवटी आवाज चढवतो, समोरच्याला ऐकू येत नसल्यासारखा. मला उत्तम ऐकू येतं. रबराची ती खसखससुद्धा ऐकू आली आणि ती थेट दातांत गेली. माझ्या रेघेला कुणी हात लावून किती वर्षं झाली होती! आमच्या कचेरीत दुसऱ्याच्या कागदाला बोट लावण्याआधी माणसं हात धुऊन येत.

त्यात ती दातांची डॉक्टर. वाचनालयाच्या वरच्या हॉलात हा ज्येष्ठांचा चित्रकलेचा वर्ग भरतो, आणि तिथे ती माझ्या शेजारी बसते. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे दुसऱ्याच्या कागदात डोकावायची तिची सवय काही जात नाही. ती म्हणाली, "अहो, हा तर किटलीचा एक्स-रे झाला!" सगळे हसले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जे समोर काहीही ठेवलं तरी सूर्यास्तच काढतात, तेही हसले. आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती आमची धाकटी. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको, माझी जाऊ. आम्हा दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकामागोमाग गेले आणि आम्ही दोघी एकाच घरात उरलो, न विकल्या गेलेल्या फर्निचरसारख्या. या वर्गात मला तिनेच ओढून आणलं. "ताई, मन रमेल तुमचं," म्हणाली. मन रमणे हा शब्दच मला सहन होत नाही. मन काय रांगतं मूल आहे, खुळखुळा दिला की रमायला?

तुटक रेघा होत्या त्या. दिसणारी कड अखंड, न दिसणारी तुटक. आमच्या धंद्यातलं हे पहिलं वाक्य. मी पंपांच्या कारखान्यात ट्रेसर होते. वरचे साहेब पेन्सिलीने नकाशे काढत, त्या नकाशांवर आम्ही बायका निळसर, कांजी केलेलं कापड पसरायचो, ते पावडरीने चोळायचो, आणि खालून दिसणारी प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायचो. उत्तरेच्या उंच खिडक्यांशी आमची रांग होती. उन्हाचा थेट तुकडा कधी टेबलावर पडत नसे, म्हणून तिथे सकाळ आणि दुपार एकसारखीच असायची, आणि वयसुद्धा एकसारखंच असावं असं तेव्हा वाटे. आमच्यावर एक मोठ्या बाई होत्या. त्यांचे ओठ रेघ ओढायच्या पेनच्या दोन पात्यांसारखे बारीक मिटलेले असायचे. त्या पाठीशी येऊन उभ्या राहायच्या. त्यांच्या श्वासावरून आम्हाला कळायचं की चूक कुठे आहे. पात्याने शाई खरवडताना कापडाचा धागा उठला तर दिवसभराचं काम गेलं. "झडपेची मागची बाजू दिसत नाही म्हणून ती नसते का गं?" मोठ्या बाई म्हणत. "पाणी तिथूनच जायचं असतं." तुटक रेघेचे तुकडे सारखे, फटी सारख्या, आणि पहिला तुकडा नेहमी अखंड रेघेला चिकटलेला. हवेत सुरू होणारी तुटक रेघ म्हणजे अडाणीपणा. हे सगळं त्या मोकळ्याला सांगायला गेले तर तो म्हणेल, वा, किती छान आठवण आजी, यावरच एक चित्र काढा ना.

वर्ग सुटल्यावर घरी आलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीचे पाइप आणि एका गच्चीवर वाळणाऱ्या चादरी दिसतात, बस. धाकटी तिथे थांबली. हल्ली ती तिथे थांबते. "ताई, बघा तरी उजेड कसा पडलाय चादरींवर," म्हणाली, आणि भिंतीला टेकली. डावा हात कठड्यावर, उजवा शालीच्या आत. अजून हसत होती ती. खांदे हलत होते, चेहरा ताणला होता, ओठ दाताखाली धरले होते. मी म्हटलं, "हस, पोट धरधरून हस. एक्स-रे म्हणे!" तर म्हणाली, "नाही हो ताई, तुम्हाला नाही हसले." आणि पुन्हा चादरींकडे पाहायला लागली. वर्गात आल्यापासून हिला जिथे तिथे उजेड दिसायला लागलाय. मी तिला तिथेच सोडून वर गेले आणि कुलूप उघडलं.

धाकटीच्या कलेविषयी मी काय बोलू? रिकाम्या बाटल्यांवर फुलं रंगवते. नदीतले गोटे आणून त्यांना डोळे काढते. पाहावं तिथे, खिडकीच्या पट्टीवर, न्हाणीघरातल्या फळीवर, हे डोळेवाले दगड बसलेले. अंघोळ करताना एक जण तर टक लावून बघत असतो. रेघ सरळ आली काय, वाकडी आली काय, हिला दोन्ही सारखंच. रंग सांडला तर म्हणते, अय्या, ढग झाला. लग्न होऊन या घरात आली तेव्हाही अशीच होती: भाजी करपली तरी हसणारी, पाहुण्यांसमोर भांडं पडलं तरी हसणारी. सासूबाई म्हणायच्या, थोरली शिस्तीची आणि धाकटी लाडाची. मला त्या शिस्तीचा अभिमान होता. कचेरीतून येऊन मी स्वयंपाकघरात उभी राहायची तेव्हा तिथल्या बरण्यासुद्धा मला रांगेत लागायच्या. धाकटी त्या पुसता पुसता इकडच्या तिकडे करायची आणि मी पुन्हा सरळ करायची. इतकी वर्षं आम्ही दोघी हा खेळ न बोलता खेळलो. हल्ली मात्र तिने बरण्या हलवणं सोडून दिलंय. वरच्या फळीवरच्या तर जिथल्या तिथे असतात, तिचा हातच तिथे जात नाही. म्हातारपणी का होईना, शिस्त लागली म्हणायची.

पण तो किटलीचा पुसलेला कागद मला झोंबत राहिला. मोकळ्यापेक्षा जास्त मी स्वतःवर चिडले होते, कारण ते हसले आणि मी कागद उलटा करून ठेवला. लहानपणी मी चित्रं काढायची. ओसरीवर बसून, कोळशाने, फरशीवर. येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे. खालून काही दिसायचं नाही, वर कापड नसायचं. नुसता हात जायचा आणि मागे एक नाक उरायचं. वडिलांच्या एका मित्राचं नाक मी इतकं हुबेहूब काढलं की वडिलांनी घाईघाईने त्याच्यावर पाण्याची बादली ओतली, आणि तो मित्र येऊन त्या ओल्यावरच बसला. याच हातामुळे मला नोकरी लागली. आणि नोकरी लागल्यावर मोठ्या बाईंनी पहिल्या आठवड्यातच मी कापडाच्या कोपऱ्यात काढलेला त्यांचा स्वतःचा चेहरा पात्याने शांतपणे खरवडून काढला. रागावल्या नाहीत. "मोकळ्या हाताची सवय लागली की सरळ रेघ जाते," एवढंच म्हणाल्या. मग मी मोकळा हात सोडून दिला. किती मैल रेघ मी ओढली असेन कोण जाणे, पण त्यांतली एकही माझी नव्हती. प्रत्येक रेघ आधी कुणीतरी पेन्सिलीने काढून ठेवलेली होती. एकदा खाली चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता, तर आमची एक नवी पोरगी तो गोल शाईने उतरवून मोकळी झाली होती, आणि कारखान्यात खाली त्या गोलाचं भोक पाडायचं कुठे म्हणून माणूस विचारायला आला होता. आम्ही किती हसलो होतो तिला. आता वाटतं, हसलो कशाला? आम्ही सगळ्या तेच करत होतो.

म्हणून मी ठरवलं की एकदा, फक्त एकदा, त्या वर्गात असं चित्र काढायचं की खाली काही नसेल, तुटक काही नसेल, आणि तरी ते बरोबर असेल. त्यानंतर ते पेन्सिलींचं खोकं धाकटीच्या दगडांना देऊन टाकायचं. मी घरी सराव सुरू केला. समोर धाकटीच्याच बाटल्या ठेवल्या. दिसतं तेवढंच काढायचं, बाकी सोडायचं. आणि दर वेळी तेच व्हायचं: बाटली पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसायची. तिला पाठ नसायची. माझा हात आपोआप मागे वळायचा, तळाचा गोल पुरा करायला, तुकडा, फट, तुकडा, फट, आणि मी त्याला ओढून आणायची, खुंट्यावरून सुटलेल्या गुरासारखं. हात थोडा कापायलाही लागलाय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही; मोकळ्याला कळलं तर तो म्हणेल, थरथरती रेघ, किती जिवंत.

"ताई, ते खोडू नका ना," धाकटी खुर्चीत बसून म्हणायची. शाल घट्ट लपेटून. बाहेर घाम फुटेल असं ऊन आणि ही शालीत. "मला ते ठिपके ठिपके आवडतात."

"ठिपके नव्हेत. तुटक रेघ."

"तेच ते. आठवतं का, आमच्या बाळाच्या झबल्यावर होती ती?"

आठवत होतं. कचेरीतलं वाया गेलेलं कापड आम्ही बायका घरी आणायचो. उकळून कांजी काढली की आतून असलं तलम सुती कापड निघायचं की बाजारात मिळणार नाही. त्याचे हातरुमाल व्हायचे, झबली व्हायची. शाई मात्र पुरती जात नसे. धाकटीला मुलगा झाला तेव्हा मी झबलं शिवून दिलं आणि पोराच्या पोटावर मधोमध चिरलेल्या पंपाच्या झडपेचा नकाशा उमटला, फिकट, तुटक रेघांसकट. "अहो ताई, हे काय आहे याच्या पोटावर?" असं ती बाळंतपणाच्या खाटेवरून विचारत होती, आणि मी झडप म्हटल्यावर टाके दुखेपर्यंत हसली होती. मला मूल नाही. ते झबलं शिवताना मी त्या रेघा मुद्दाम पोटावर येतील अशा बेतल्या होत्या, कारण माझं काम कुणीतरी अंगावर घालावं असं वाटलं होतं. हे धाकटीला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की ताईंनी झडप दिली.

तेच झबल्यातलं पोर आता दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर रविवारी फोन करतं. आधी आईशी बोलतो, मग माझ्याशी. "काकू, आईची तब्येत ठीक ना? खरं सांगा हं. जरा जरी काही वाटलं तरी मी येऊन तिला घेऊन जाणार आहे. खोली तयार आहे इथे." मी सांगते, तुझ्या आईला काय धाड भरलीय, दगडांना डोळे काढतेय. तो हसतो. आणि काकूंसाठी खोली तयार आहे का, हे तो विचारत नाही, मीही विचारत नाही. त्याचं कर्तव्य त्याच्या आईपाशी संपतं, तेही बरोबरच आहे. फोन चालू असताना धाकटी माझ्या तोंडाकडे बघत असते, निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी. फोन ठेवला की म्हणते, "चहा करू, ताई?" आणि तो केलेला चहा स्वतः अर्धाच पिते. उरलेला मोरीत ओतते. पूर्वी माझ्या कपातला घोट मागून प्यायची. आता नखरे. ज्येष्ठांच्या वर्गात जायला लागल्यापासून भूकसुद्धा ज्येष्ठ झाली असेल.

पुढच्या वर्गाला मी लवकर जाऊन खिडकीजवळची जागा धरली. मोकळ्याने जाहीर केलं की आज जिवंत माणूस काढायचा. एक वयस्कर पोस्टमन बसायला येणार होता. तो आला नाही. मोकळा दारापर्यंत जाऊन आला, पुन्हा गेला, मग हात चोळत म्हणाला, "आपल्यापैकीच कुणी बसेल का?" बँकवाले गृहस्थ सूर्यास्ताच्या तयारीत गढले. दातांची डॉक्टर म्हणाली, माझी मान दुखते. आणि आमची धाकटी उठली. "मी बसते! मला काय, नुसतं बसायचंच ना? तेवढं येतं मला." सगळे हसले. ती मधल्या खुर्चीवर जाऊन बसली, शाल सावरली, डावा हात गुडघ्यावर ठेवला, उजवा शालीच्या आत, आणि हनुवटी अशी वर केली, जणू राजघराण्यातली बाई तैलचित्राला बसलीय. माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. या वयात! मी पेन्सिलीला टोक काढलं. म्हटलं, ठीक आहे, बाटली नाही तर बाटली रंगवणारी. दिसतं तेवढंच.

आणि लागलं. पहिल्यांदाच लागलं. कपाळ, नाकाचा तो किंचित चपटा शेंडा, हसून हसून पडलेल्या तोंडाजवळच्या वळ्या. हात जात होता आणि मागे धाकटी उरत होती, ओसरीवर नाकं उरायची तशी. मी तिच्याकडे इतक्या वर्षांत असं पाहिलंच नव्हतं. बरण्या हलवणारा हात पाहिला होता, करपलेली भाजी पाहिली होती. गाल केव्हा इतके आत गेले? मानेच्या दोन शिरा केव्हापासून अशा ताठ उभ्या राहिल्या? मी ते उतरवत गेले, कारण समोर जे आहे ते उतरवायचं, त्यावर मत द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं दुसरं वाक्य. खांदा काढला. शालीचा काठ काढला. मग उजवा दंड शालीआड गेला आणि माझी पेन्सिल थांबली नाही. तुकडा, फट, तुकडा. ओढून आणायला हवी होती, पण मला ते चित्र पुठ्ठ्याचं करायचं नव्हतं. एवढं जमलेलं, ते पाठ नसलेलं होऊ देणं जिवावर आलं. शालीवर कोपराचं टेंगूळ उठलेलं दिसत होतं. खांद्यापासून कोपर इतकं, मग कोपरापासून मनगट तितकंच धरायचं. शालीच्या घड्या कुठे ताणल्या आहेत, कुठे ढिल्या, त्यावरून दिशा कळते. कापडाच्या खाली काय आहे हे कापडच सांगतं, यात विद्या कसली, सवय आहे. मनगट मांडीवर येत नव्हतं. मी पुन्हा मोजलं, पेन्सिल डोळ्यासमोर धरून. मनगट वर वळत होतं, बरगड्यांच्या खाली, उजव्या कुशीत. आणि पंजा नुसता ठेवलेला नव्हता. शालीला तिथे एक खळगा पडला होता, आणि तो खळगा तिच्या श्वासाबरोबर आत जात होता. ती दाबत होती. पाच बोटांनी, जोर लावून, तिथे काहीतरी धरून ठेवल्यासारखी, दाबत होती. वरती हनुवटी तशीच राजघराण्यातली.

मी ती बोटं काढली. तुटक रेघेत एक एक बोट. आणि काढता काढता तोच पंजा मला सगळीकडे दिसायला लागला: जिन्याच्या वळणावर, चादरींवरचा उजेड बघताना. मोरीपाशी चहा ओतताना. वरच्या फळीकडे न उचलला जाणारा हात. फोनच्या वेळी माझ्या तोंडाकडे लागलेले डोळे. घामाच्या उन्हात शाल. हे सगळे कागद माझ्या टेबलावर कधीचे पडले होते, एकावर एक, आणि मी ज्या बाईला रेघ कळत नाही म्हणून हसत आले तिने ते माझ्या नाकासमोर, दिवसाढवळ्या, दगडांना डोळे काढत काढत झाकले होते. आधी मला आला तो संताप. काय ढोंगी बाई! मग वाटलं, कुणासाठी हे ढोंग? पोराला कळलं तर पोर नेईल. नेलं तर इकडे कोण राहील? एक शिस्तीची म्हातारी आणि तिच्या रांगेतल्या बरण्या. माझ्यासाठी ही मूर्ख बाई पोट दाबून खिडकीतले पाइप बघत उभी राहत होती.

"अरे वा, आजी!" मोकळा माझ्या खांद्याशी आला होता. "चेहरा फारच सुंदर आलाय. फक्त हे..." त्याचा हात खिशात गेला. दातांची डॉक्टर आपला चष्मा सावरत झुकली. मी कागदावर पालथा हात ठेवला.

"हात लावू नका."

"नाही, म्हणजे दिसत नाही ना ते आपल्याला..."

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं. "तिथे आहे ते. रबर खिशात ठेवा."

आवाज चढला असावा, कारण बँकवाल्यांनी सूर्यास्तातून मान वर काढली. मोकळ्याने रबर खिशात ठेवलं. धाकटीने खुर्चीवरून न हलता डोळे माझ्याकडे वळवले, आणि शालीवरचा तो खळगा सैल पडला, चोरी पकडली गेल्यासारखा. क्षणभरच. मग पुन्हा खोल गेला.

कागद गुंडाळून घेऊन मी तिच्याबरोबर घरी निघाले. जिन्याच्या वळणावर ती थांबली, मीही थांबले. समोर पाइप होते. गच्चीवर त्या दिवशी चादरीही नव्हत्या. "उजेड..." ती म्हणायला लागली. मी म्हटलं, "पुरे झाला उजेड. बस पायरीवर." ती बसली. मीही तिच्या शेजारी बसले. खालून येणाऱ्या शेजाऱ्याला आमच्या गुडघ्यांवरून पाय टाकून जावं लागलं, आणि त्याने काय पिशवी जड झाली का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

वर आल्यावर तिने स्वतःच दिवाणावर अंग टाकलं. मी चहा केला. ती म्हणाली, "दाखवा तरी. मी कशी आलेय?" मी कागद तिच्यापुढे धरला. चेहरा सोडून ती थेट तुटक रेघांकडे पाहायला लागली.

"हा हात कुठे दिसला हो तुम्हाला, ताई?"

"दिसला नाही."

"मग?"

"दुसरीकडे जागाच नव्हती त्याला."

ती हसली नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. खऱ्या, दातांच्या नव्हे."

"आणि बाळाला सांगणार?"

"ते उद्या दुपारी ठरवू. काय आहे ते आधी कळू दे."

"तो नेईल मला."

"नेऊ दे. तुझे दगड मात्र सगळे घेऊन जा. अंघोळीला लाज वाटते मला." माझा आवाज नीट होता. कागद धरलेला हात कापत होता, त्याला इलाज नव्हता. धाकटीने तो कापताना पाहिला आणि तिनेही मला काही विचारलं नाही. तिने कागदावर वाकून बोट ठेवलं, तुटक पंजावर, आणि कपाळाला आठ्या घातल्या. रेघेकडे इतक्या बारकाईने ती जन्मात पहिल्यांदाच बघत असेल.

"अंगठा चुकलाय," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही बाहेर काढलाय. मी आत घेते, बोटांच्या खाली. तसं दाबलं की जरा कमी होतं."

माझ्या कामातली चूक मला धाकटीने दाखवावी! मी पेन्सिल आणली, पातं आणलं. मग लक्षात आलं की आता अंदाजाने चालणार नाही. "शाल बाजूला कर," मी म्हटलं, आणि ती करेना तेव्हा मीच शालीत हात घातला. तिची बोटं थंडगार होती, आणि त्यांच्या खाली अंगठा होता, ती म्हणाली तिथेच, आत वळलेला. अंगठ्याच्याही खाली काहीतरी होतं, घट्ट. मी हात तिथे थोडा वेळ राहू दिला, नीट कळेपर्यंत. मग कागद मांडीवर घेतला, चुकलेला अंगठा कापडावरच्या सवयीने, धागा उठणार नाही इतक्या हलक्याने खरवडला, आणि मनगटाच्या रेघेला चिकटून पहिला तुकडा काढला.